बांधावरचे कॉम्रेड

मार्चच्या सुरुवातीला उसुरी नदी गोठलेली असते. बर्फ इतका जाड की त्यावरून चिलखती गाड्या जातात. तिच्या पात्रात, चिनी काठाला लागून, एक बेट आहे, पाऊण चौरस किलोमीटर म्हटलं तरी जास्तच. रशियन त्याला दामान्स्की म्हणत, चिनी झेनबाओ. तिथे गाव नाही, शेती नाही, आणि पूर आला की बराच भाग पाण्याखाली जातो. २ मार्च १९६९ च्या सकाळी या बेटावर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी सोव्हिएत सीमारक्षकांवर गोळीबार केला. त्या एका दिवसात ३१ रशियन मारले गेले. पंधरा तारखेला रशियनांनी रणगाडे आणि रॉकेटं आणून उट्टं काढलं. त्या धुमश्चक्रीत त्यांचा एक टी-६२ रणगाडा नदीत बुडाला. चिन्यांनी तो पुढे ओढून बाहेर काढला आणि बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात नेऊन ठेवला.

दोन्हीकडच्या टोप्यांवर लाल तारा होता. गोळी चालायच्या आधीचे दोन-तीन हिवाळे हेच सैनिक त्याच बर्फावर एकमेकांना काठ्या-दांडक्यांनी बदडत होते, कारण बंदूक वापरायची परवानगी नव्हती. गलवाननंतर हे वाचताना अंगावर काटा येतो.

शीतयुद्धाचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवला तो दोन तंबूंचा. इकडे भांडवलशाही, तिकडे साम्यवाद, मध्ये अलिप्त आपण. हे चित्र मला बराच काळ पुरलं. पण खोलात वाचू लागले तसं लक्षात आलं की त्या काळातलं सगळ्यात कडवट वैर एकाच तंबूत होतं. ते समजलं नाही तर १९७१ ची कोंडी कळत नाही, कंबोडियाचा सत्यानाश कळत नाही, आणि मुंबईतल्या लाल बावट्याच्या चिरफळ्या कशा झाल्या तेही नीट कळत नाही.

सुरुवात तशी गोडीगुलाबीचीही नव्हती. डिसेंबर १९४९ मध्ये माओ मॉस्कोला गेले आणि स्टालिनने त्यांना आठवडेच्या आठवडे ताटकळत ठेवलं. अखेर १४ फेब्रुवारी १९५० ला मैत्री करारावर सह्या झाल्या. मुदत तीस वर्षांची, सोबत एक टक्का व्याजाने तीस कोटी डॉलरचं कर्ज. स्टालिन गेल्यावर सोव्हिएत संघाची सूत्रं हाती घेतलेल्या ख्रुश्चेव्हनी त्याच्या पापांचा पाढा वाचला, तो माओंना विचारल्याशिवाय. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने संयुक्त पाणबुडी दलाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा माओंना त्यात चीनचा किनारा बळकावण्याचा डाव दिसला. समजूत घालायला ख्रुश्चेव्ह पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, आले, तर माओंनी त्यांना पोहण्याच्या तलावावर बोलावलं. ख्रुश्चेव्हना पोहता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. रबरी कडं घालून ते पाण्यात तरंगत राहिले आणि माओ सराईतपणे हात मारत बोलत राहिले. हा पाहुणचार नव्हता, पाणउतारा होता, आणि तो दोघांनाही नीट समजत होता.

मग मध्ये आलो आपण. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूला भारत-चीन चकमक झाली. सप्टेंबरमध्ये तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेने काढलेल्या निवेदनात मॉस्कोने कुणाचीच बाजू घेतली नाही. पेकिंगच्या दृष्टीने हा विश्वासघात होता. एका साम्यवादी देशाचं भांडवलदारी सरकारशी भांडण लागलेलं, आणि थोरला भाऊ म्हणतो, मी तटस्थ! २ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह आणि चिनी नेते समोरासमोर बसले तेव्हा नेहरूंच्या भारतावरून आवाज चढले. पुढच्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघाने चीनमधले आपले सुमारे चौदाशे तज्ज्ञ परत बोलावले. अर्धवट बांधलेले कारखाने तसेच राहिले, आराखडे गेले, आणि चीनमध्ये तेव्हा माणसं भुकेने मरत होती.

ज्यांना मॉस्को आपला पाठीराखा वाटत होता, त्यांनी १९६२ च्या ऑक्टोबरकडे जरूर पाहावं. अमेरिकेशी चाललेल्या क्युबाच्या पेचात चीन दुरावू नये म्हणून प्रावदा या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने भारतावरच्या ऐन आक्रमणात, २५ ऑक्टोबरला, चिनी प्रस्तावांची तरफदारी केली. क्युबाचा पेच निवळला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर पुन्हा बदलला. तेवढे दहा-बारा दिवस आपले जवान बर्फात मरत होते आणि आपला मित्र दुसरीकडे पाहत होता.

गावाकडे ज्याने भाऊबंदकी पाहिली आहे त्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. सावकाराशी वैर असतं, पण ते लांबचं. खरा डूख असतो तो बांध कोरणाऱ्या चुलतभावावर. कौटिल्यानेही शेजारचा राजा तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र असं मांडून ठेवलंय, आणि परराष्ट्र धोरणावर बोलणारे ते सारखं उगाळतात. मला ते अर्धंच उत्तर वाटतं. कारण रशियाचा आणि चीनचा बांध १८६० पासून तोच होता. त्यावरचं भांडण विषारी झालं ते दोघंही एकाच पोथीवर हक्क सांगत होते म्हणून. अमेरिकेने मार्क्सचा अर्थ चुकीचा लावला तर पेकिंगला त्याचं काय! मॉस्कोने लावला तर मात्र क्रांतीचा वारस कोण हा प्रश्न उभा राहतो. तिथे तडजोड करायची म्हणजे वारसाहक्क सोडायचा.

या वारसाहक्काच्या भांडणाची झळ लालबाग-परळपर्यंत आली. एप्रिल १९६४ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य उठून गेले आणि वर्ष संपायच्या आत पक्ष दोन झाले. एकीकडे मॉस्कोला मानणारे श्रीपाद अमृत डांगे, दुसरीकडे नव्या मार्क्सवादी पक्षातले बी. टी. रणदिवे. दोघंही मराठी, दोघंही मुंबईच्या कामगार चळवळीत मुरलेले. १९७० मध्ये कामगार संघटनाही फुटली. आयटक डांग्यांकडे राहिली आणि नव्या सिटूचे अध्यक्ष रणदिवे झाले. फुटीचं सगळं खापर मॉस्को-पेकिंगवर फोडणं बरोबर नाही. काँग्रेसशी कसं वागायचं हा इथला वाद खराच होता आणि जुना होता. पण त्याला धार आली ती त्या मोठ्या भांडणाची. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, डांग्यांचे कट्टर. समोरच्या खोलीतले काका त्याच खात्यात, त्याच पाळीला, पण 'मार्क्सवादी'. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात हे दोघं बरोबर लाठ्या खाऊन आलेले. पुढे कित्येक वर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. आजी सांगायची, गणपतीच्या आरतीला दोघं एकाच ओळीत उभे राहायचे आणि प्रसाद मात्र एकमेकांच्या हातून घ्यायचे नाहीत. त्यांच्यातलं कुणीही मॉस्को किंवा पेकिंग पाहिलेलं नव्हतं. गंमत वाटण्यासारखं यात काही नाही. त्या माणसांनी विचार खरा मानला होता, आणि तो खरा मानणाऱ्यांबद्दल मला आजही आदर आहे. पेकिंगला मात्र त्या निष्ठेची किंमत नव्हती. १९६७ मध्ये नक्षलबाडी पेटली तेव्हा चिनी वृत्तपत्रांनी तिचा जयघोष केला आणि मार्क्सवादी पक्षालाच सुधारणावादी, म्हणजे मार्क्सची शिकवण पातळ करणारा, ठरवून टाकलं.

पुन्हा १९६९ कडे येते, कारण जगाची मांडणी खरी बदलली ती त्या वर्षी. बेटावरच्या लढाईनंतर सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी पेकिंगला थेट फोन लावला, तर चिनी ऑपरेटरने त्यांना सुधारणावादी म्हणून शिव्या घातल्या आणि फोन जोडून दिला नाही. ऑगस्टमध्ये शिनजियांगच्या सीमेवर पुन्हा रक्त सांडलं. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये एका जेवणाच्या टेबलावर सोव्हिएत वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या माणसाला विचारलं की, चीनच्या अणुकेंद्रांवर आम्ही हल्ला केला तर तुमची प्रतिक्रिया काय असेल? एक साम्यवादी महासत्ता दुसऱ्या साम्यवादी देशावर बॉम्ब टाकण्याविषयी भांडवलशाहीच्या राजधानीत चाचपणी करत होती. पेकिंगमध्ये माणसं फावडी घेऊन रस्त्यांखाली भुयारं खणत होती. अणुबॉम्ब पडला तर लपायला. सप्टेंबरमध्ये हो चि मिन्ह गेले, त्यांच्या अंत्यसंस्कारांहून परतणारे कोसिगिन मध्य आशियापर्यंत पोहोचले होते. तिथून त्यांनी विमान वळवलं आणि ११ तारखेला चिनी पंतप्रधान चौ एन-लाय त्यांना पेकिंगच्या विमानतळावरच भेटले. शहरात नाही, विमानतळावरच. तिथे युद्ध टळलं, भीती मात्र गेली नाही.

त्या भीतीतून चीन अमेरिकेकडे वळला. माओंनी चार वयोवृद्ध मार्शलांना बसवून जगाचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. अमेरिकेपेक्षा सोव्हिएत संघाचा धोका जवळचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. अमेरिकेलाही व्हिएतनाममधून पाय काढायचा होता आणि मॉस्कोवर दाब हवा होता. पण वीस वर्षं राजनैतिक संबंध नसलेल्या दोन देशांनी तोंड उघडायचं कसं? डिसेंबर १९६९ मध्ये वॉर्सामधल्या एका युगोस्लाव्ह फॅशन शोमध्ये अमेरिकी राजदूत चिनी मुत्सद्द्यांच्या दिशेने गेला. ते घाबरून जिन्यावरून पळत सुटले. राजदूत मागे धावला आणि त्यांच्या दुभाष्याला पोलिश भाषेत निरोप सांगून मोकळा झाला. नंतर टेबल टेनिसचे संघ आले, त्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे.

मला सांगायचं आहे ते जुलै १९७१ विषयी.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. रस्त्यावर उतरलेले रणगाडे अमेरिकी होते, सैनिकांच्या हातातल्या रायफली चिनी होत्या. ढाक्यातला अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड याने ६ एप्रिलला सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी वॉशिंग्टनला तार केली. आपलं सरकार लोकशाहीची मुस्कटदाबी उघड्या डोळ्यांनी पाहत बसलं आहे, असा तिचा आशय. त्याची बदली झाली. २८ एप्रिलच्या एका टिपणावर अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सननी स्वतःच्या हाताने लिहिलं की पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याच्यावर सध्या दबाव आणू नका, आणि 'नका'खाली तीन रेघा ओढल्या. कारण याह्याखान हा पेकिंगचा पोस्टमन होता. चीन आणि अमेरिकेची गुप्त पत्रं त्याच्या हातून जात-येत होती.

६ जुलैला निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीत आले, इंदिरा गांधींना भेटले. तोवर साठ लाखांच्या वर निर्वासित सीमा ओलांडून आले होते. कोलकात्याबाहेर सॉल्ट लेकला सिमेंटच्या सांडपाण्याच्या पाइपांत कुटुंबं राहत होती, पाइपाच्या तोंडाला फाटकी साडी बांधलेली. छावण्यांत पटकीने माणसं जात होती. दिल्लीहून किसिंजर इस्लामाबादला गेले आणि ८ तारखेला पोट बिघडल्याचं जाहीर झालं. विश्रांतीसाठी नथियागलीला निघाल्याचा देखावा म्हणून मोटारींचा ताफा डोंगराकडे रवाना झाला. ९ तारखेच्या पहाटे पाकिस्तानी विमान किसिंजरना घेऊन पेकिंगकडे उडालं. घाईत त्यांचे जास्तीचे शर्ट मागे राहिले. बरोबरच्या धिप्पाड सहकाऱ्याचे शर्ट त्यांनी उसने घातले, आणि त्यावर 'मेड इन तैवान'चं लेबल होतं. ज्या तैवानला वाऱ्यावर सोडण्याची बोलणी करायला ते चालले होते, त्याच तैवानमध्ये शिवलेले शर्ट! हा किस्सा किसिंजरनी नंतर स्वतः लिहिला. पाइपांत राहणाऱ्यांविषयी त्यांच्या लेखणीला तेवढी उत्सुकता नव्हती.

१५ जुलैला निक्सननी आपण चीनला जात असल्याचं जाहीर केलं आणि जग टाळ्या वाजवू लागलं. ते पाऊल थोर होतं हे मी नाकारत नाही. पण ते टाकलं गेलं पूर्व बंगालच्या प्रेतांवरून, आणि हे वाक्य त्या टाळ्यांबरोबर लिहिलं गेलंच पाहिजे. चीन मध्ये पडला तर अमेरिकेवर भिस्त ठेवता येणार नाही, हेही लवकरच दिल्लीला कळवण्यात आलं. ९ ऑगस्टला दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी भारत-सोव्हिएत करारावर सह्या केल्या. डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. १० डिसेंबरला किसिंजर न्यूयॉर्कमध्ये चिनी राजदूत हुआंग हुआ यांना गुपचूप भेटले आणि चीनने भारताविरुद्ध पाऊल उचललं तर आम्ही तुमच्या पाठीशी राहू असं सुचवलं. चीनने हालचाल केली नाही. सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत तीनदा नकाराधिकार वापरला, आणि १६ डिसेंबरला ढाका मुक्त झाला.

पुढचा एक तपशील मला सगळ्यात जास्त बोचतो. ऑक्टोबर १९७१ मध्ये साम्यवादी चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली. शोषितांचा आवाज म्हणून तिसऱ्या जगाने त्याचं स्वागत केलं. या चीनने स्वतःचा पहिला नकाराधिकार २५ ऑगस्ट १९७२ ला वापरला, तो बांगलादेशला सदस्यत्व मिळू नये म्हणून. जगातल्या अतिशय गरीब आणि अगदी नव्या देशाला दारातच अडवायला! बांगलादेश आत आला तो १९७४ मध्ये.

व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या वाट्यालाही तेच आलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन पेकिंगमध्ये मेजवानी घेत होते. मे महिन्यात त्यांनी उत्तर व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात सुरुंग पेरायला लावले, आणि दोन आठवड्यांत ब्रेझनेव्ह मॉस्कोत त्यांचं स्वागत करत होते. हनोईने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं.

आता कंबोडिया. अमेरिकी बॉम्बफेकीने आधीच उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात १७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची सत्ता आली, चीनच्या पाठबळावर. पावणेचार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं गेली. डिसेंबर १९७८ मध्ये व्हिएतनामी फौजा आत शिरल्या, त्याही सोव्हिएत संघाशी ताजा करार करून, आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. महिनाभरातच चिनी नेते डेंग शियाओपिंग अमेरिकेत काउबॉय टोपी घालून टेक्सासमधल्या लोकांना हात हलवून दाखवत होते. १७ फेब्रुवारीला चिनी सैन्य व्हिएतनाममध्ये घुसलं. त्या वेळी आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते. व्हिएतनामला धडा शिकवण्याच्या भाषेत चिन्यांनी १९६२ चा दाखला दिला होता, त्यामुळे वाजपेयी दौरा आवरता घेऊन परतले.

नॉम पेन्हला तुओल स्लेंग हा ख्मेर रूजचा तुरुंग मी पाहिलाय. मुळात ती शाळा. आवारात चाफ्याची झाडं, जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या फरशा, आपल्या नगरपालिकेच्या शाळेत असाव्यात तशा वर्गखोल्या. खालच्या खोल्यांत एकेक लोखंडी खाट आणि तिला बेड्या. पुढच्या इमारतीत वर्गातच कच्च्या विटा रचून केलेल्या कोठड्या, माणूस जेमतेम पाय दुमडून बसेल एवढ्या. व्हरांड्याला काटेरी तारांची जाळी लावलेली, कैद्याने वरून उडी टाकून सुटू नये म्हणून. मुलांच्या कसरतीचा खांब फासासारखा वापरला जाई. आणि भिंतभर फोटो. मारण्याआधी प्रत्येकाचा फोटो काढून नंबर दिलेला. एका बाईच्या मांडीवर झोपलेलं बाळ आहे. त्यांच्यात बहुसंख्य पक्षाचेच कार्यकर्ते होते, व्हिएतनामचे नाहीतर रशियाचे हेर ठरवून आणलेले. वारसाहक्काचं भांडण इथवर, या फरशांपर्यंत येऊन पोहोचलं होतं.

हे सगळं जगासमोर आल्यावर, २१ सप्टेंबर १९७९ ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं. कंबोडियाच्या खुर्चीवर बसायचं कुणी? ७१ विरुद्ध ३५ मतांनी ती पोल पॉटच्या प्रतिनिधीकडेच राहिली. चीन आणि अमेरिका दोघांनी त्याच्या बाजूने मत दिलं. त्याच सुमाराला शिनजियांगमध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रांवर कान ठेवणारी केंद्रं अमेरिका आणि चीन मिळून उभी करत होते, मग खुर्चीचं एवढं काय! मॉस्कोने विरोधात मत दिलं ते कंबोडियन माणसाच्या कळवळ्याने नव्हे, हनोई आपलं म्हणून. तीन महिन्यांत त्याचे रणगाडे काबूलमध्ये होते, आणि त्यावर आपण काढलेला सूर अभिमान वाटावा असा नव्हता. १९८२ मध्ये कंबोडियाचे माजी राजे सिहानूक यांना पुढे करून त्या खुर्चीला नवं आवरण चढवलं गेलं, पण ख्मेर रूज आतच होते.

मॉस्को आणि पेकिंगचं पुढे जुळलं. मे १९८९ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह पेकिंगला आले, नव्या शतकात उरलेली सीमा आखून झाली. झेनबाओ चीनकडे आहे, आणि त्यावरून आता कुणी भांडत नाही.

नॉम पेन्हला न्यायालय उभं राहिलं २००६ मध्ये. तुओल स्लेंगच्या प्रमुखाला शिक्षा झाली, मागाहून वरच्या दोघा नेत्यांनाही. न्यायालयाची कार्यकक्षा मात्र तारखांनी बांधलेली होती, १७ एप्रिल १९७५ ते ६ जानेवारी १९७९. आधीची बॉम्बफेक त्या चौकटीच्या बाहेर राहिली आणि नंतरची खुर्चीही. ज्या सरकारांनी मारेकऱ्यांना शस्त्रं पुरवली आणि न्यूयॉर्कमधली त्यांची जागा राखली, त्यांच्यापैकी कुणालाही या न्यायालयात उभं करता येणार नव्हतं.